गोऱ्या खासदाराचे पाठकोरे कागद

१० जून, मंगळ. लातूर
वही संपली. आता सून रेखाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितो. शाळेत शिपाई होतो तेव्हापासूनची खोड, कोरी बाजू टाकवत नाही. पुढच्या बाजूला तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा खासदार. रेखाने पीएच.डी.साठी सहा वर्षे घरात आणून बसवलाय. ३० तारखेला प्रबंध द्यायचा, गाईडची सही हवी. नाही तर नोंदणी रद्द, कॉलेजातली नोकरीही जाणार.

१२ जून
भाजी निवडताना रेखाने गोऱ्याची हकीकत सांगितली. तेव्हा तिकडे मत उघड द्यायचे, सगळ्यांसमोर नाव घेऊन. हा बिअर पाजून निवडून यायचा. बावीस वर्षांत दोनदा पक्ष बदलला. आपल्या कापसावर तासतास बोलला, इकडे एकदाही आला नाही.
"लई हरामखोर हाय की."
"मामा, चांगलंबी केलंय. गिरणीतल्या पोरांचे तास कमी करायला मत दिलं."
"मग फिरवलं असंल."
तिने भाजीची पुढची जुडी ओढली. म्हणजे फिरवले होते.

१६ जून, सोम.
रेखा पहाटेच्या बसने नांदेडला. गाईड सर भेटलेच नाहीत. तिसरी खेप. मी रागाने एक अख्खे पान लिहिले.

१७ जून
रेखा पुन्हा गेली. आज सर भेटले. फाईल ठेवून घेतली. वाचून सही करतो म्हणाले.

१८ जून
सोमवारचे पान सापडेना. गादीखाली नाही, कपाटात नाही.
आता आठवले. रद्दीतला नव्हे, टेबलावरचा प्रबंधाचा कागद घेतला होता. लिहून तिथेच ठेवला. रेखाने मागे न बघता फाईलला लावला. त्यावर लिहिलेय: हे सर म्हणजे तोच गोरा. बोलणार तासभर, कामाला शून्य. आणखीही आहे. इथे लिहवत नाही.

१९ जून
रेखाला सांगितले. ओरडली असती तर बरे. "सही अडली नं मामा आता," एवढेच. जेवली नाही.

२१ जून, शनि.
सरांचा फोन. ही नुसती "हाव सर, हाव सर." मग मला, "सोमवारी तुम्हाला घेऊन ये म्हणले."
"रागात होते?"
"हसून राहिले का खोकून राहिले, कळलं न्हाई."

२२ जून
सदरा इस्त्री करून आणला. उद्या पहाटेची बस. काय विचारतील? सही देणार असतील तर पाया पडेन. सरांची माफी मागेन.
गोऱ्याची नाही.