पेटीचा काठ

मंगळवार, संध्याकाळ. आष्टी.

उद्या सकाळी मी काम करते त्या वर्कशॉपमध्ये माझ्या ड्रॉइंगवरून पहिल्यांदाच पत्रा कापतील. साधी पत्र्याची पेटी, ऊसतोडीला नेतात तसली. आधी ती संगणकावर भरीव ठोकळ्यासारखी काढली, मग शीट मेटलमध्ये, म्हणजे घड्या घालायच्या सपाट पत्र्यात, बदलली. तळ कोणता, पत्रा कुठं वळवायचा, कोणते कोपरे चिरून मोकळे करायचे, सगळं मीच ठरवलं. सॉफ्टवेअरनं एकही चूक दाखवली नाही. केवढी खूश होते मी!

घरी येऊन तोच उलगडलेला आकार पुठ्ठ्यातून कापला आणि आईला दिला. तिनं न सांगता बरोबर घड्या घातल्या आणि वरच्या काठावरून बोट फिरवलं.

"ह्यो काठ असाच ठिवणार हाय का?"

"हो. का गं?"

"फडावरच्या खोपटात अंधारात पेटीत हात घालतो आमी. लई कापतंय बाई. आत दुमड की जरा. इंजिनेर कशाला झालीस मंग?"

आणि मनगट पुढं करून हसली. तिच्या मनगटावरचा पांढरा व्रण मी लहानपणापासून बघते. कोयत्याचा समजत होते. तो पेटीच्या काठाचा निघाला. एवढ्या वर्षांत विचारलं का नाही मी?

लॅपटॉप उघडून चारही काठ आत दुमडले. पत्रा थोडा जास्त लागेल, वर्कशॉपचे सर कारण विचारतील. आईनं सांगितलं, असंच सांगणार. आणि पहिली पेटी मीच विकत घेणार. पुढच्या आठवड्यात आई तोडीला निघेल. यंदा तिनं अंधारात बिनधास्त हात घालावा.