दहा दिवसांची विश्रांती

प्रिय ठकू,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. फोनवर आपण बोलतो, तू तब्येत विचारतेस, मी बरी आहे म्हणते, आणि दोघी सुटल्यासारख्या फोन ठेवतो. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. मध्येच माझा आवाज बसेल, तू घाईघाईने ‘असू दे आई’ म्हणशील, आणि मग ते राहूनच जाईल. म्हणून लिहिते आहे. एका बैठकीत वाच नाहीतर दहा, पण शेवटपर्यंत वाच.

आधी इथली बातमी. आमच्या तलावावरच्या मोठ्यांच्या बॅचमधला, कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर गेला. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तीन वर्षांपूर्वी वयाच्या पन्नाशीत तो पोहायला शिकायला आला तेव्हा पहिले अकरा दिवस त्याने काठाची दांडी सोडली नव्हती. बाराव्या दिवशी सोडली आणि पाय असे काही आपटले की शेजारच्या लेनमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका पाणी निथळत बाहेर येऊन बसल्या. तेव्हापासून सगळे त्याला ‘मोटरबोट’ म्हणायचे. तो हसायचा, पण मनावर घ्यायचा. लेथ मशीनवर तीस वर्षं काढलेला माणूस, सगळं मोजून हवं. ‘बाई, कोपर नेमकं किती वर?’, ‘बाई, श्वास तिसऱ्या हाताला की चौथ्या?’ तलावाच्या शिडीचा एक बोल्ट दोन वर्षं डगमगत होता, कार्यालयाकडे अर्ज करून करून मी थकले होते. त्याने एक दिवस पितळेचा नवा बोल्ट बनवून आणला, स्वतः बसवला आणि पाण्यात उतरला. दीड वर्षात मोटरबोटचा आवाज बंद झाला. इतका स्वच्छ हात माझ्या बॅचमध्ये दुसऱ्या कोणाचा नव्हता.

मग गेल्या वर्षी त्याचं काहीतरी बिघडलं. सकाळी यायचा तो संध्याकाळीही यायला लागला. फेऱ्या दुप्पट झाल्या. धरणाच्या पाण्यातली पाच किलोमीटरची शर्यत पोहायचीच, असं त्याने ठरवलं. सुरुवातीला मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. असा मन लावणारा शिष्य मिळाला की प्रशिक्षकाला मूठभर मांस चढतं. पण तीन महिन्यांत त्याची वेळ सुधारायच्या ऐवजी घसरायला लागली. मी त्याला समजावलं, की पोहताना अंग फक्त झिजतं, ताकद भरते ती नंतर, झोपेत आणि बसण्यात. पोराटोरांचं एका दिवसात भरून येतं, पन्नाशीच्या अंगाला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढे दिले नाहीत तर ते दुसरीकडून वसूल करतं. बॅचमधल्या सगळ्यांना मी वही करायला सांगितलेली आहे. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडीचे ठोके मोजायचे आणि लिहायचे. ठोके वाढत चालले की समजायचं, अंग थकलंय. टर्नरच्या वहीत रोज साठ. एकदा बासष्ट. परत साठ.

वहीत साठ होते, पण पाण्यात मला दुसरंच दिसत होतं. कोमट पाण्यातही त्याला हुडहुडी भरायची. एकदा मुख्याध्यापिकाबाईंचा हात चुकून त्याच्या पायाला लागला तर तो त्यांच्यावर असा खेकसला की त्या लेन सोडून गेल्या. पन्नास मीटरला चार सेकंद जास्त लागत होते, आणि डाव्या हाताची ओढ अर्ध्यावरच सुटत होती. शेवटी एका सकाळी मी त्याला बाहेर काढलं. सगळ्यांसमोर म्हटलं, दहा दिवस पाण्यात उतरायचं नाही. खूप झालं, आता घरी जा आणि आराम करा. त्याने पोहण्याचा चष्मा काढला. म्हणाला, ‘बाई, तुम्ही पण?’ मला वाटलं, बायकोही घरी हेच बोलत असेल. मी हसून म्हटलं, ‘हो, मी पण.’ त्याने टॉवेलची घडी घातली, ओल्या अंगावरच शर्ट चढवला आणि गेला.

सहाव्या दिवशी फोन आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खाजगी तलाव आहे. मी घरी पाठवलं त्याच दुपारी त्याने तिथलं महिन्याचं कार्ड काढलं होतं. रोज दुपारी जायचा. त्या दिवशी बेचाळीस फेऱ्या झाल्यावर तो भिंतीशी थांबला, काठ धरला आणि मान खाली घातली. तिथल्या जीवरक्षकाला वाटलं, दम खातोय. लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला होता. हृदय बंद पडलं होतं.

मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. त्याची बायको माझ्यासाठी खुर्ची मोकळी करत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे होते, त्याच्या त्या रेखीव अक्षरात. साठ, चौसष्ट, एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. शेवटच्या दिवशी सत्त्याऐंशी. खरे ठोके इथे लिहायचे आणि माझ्यासाठी वहीत साठ. ती म्हणाली, ‘बाईंनी पाहिलं तर थांबवतील, म्हणायचे.’ मग हळूहळू बाकीचंही तिने सांगितलं. वर्षापूर्वी कारखान्यात संगणकावर चालणारी मशीनं आली. सहा जुन्या माणसांना एका दिवसात घरी बसवलं. साहेबांनी हातात हात घेऊन सांगितलं, खूप केलंत, आता घरी जा आणि आराम करा. आमच्या बॅचमध्ये कोणालाच त्याने हे कळू दिलं नव्हतं. ‘घरी असले की स्वतःचे हात बघत बसायचे,’ ती म्हणाली. ‘पाण्यातून आले की तेवढे दोन घास नीट जेवायचे.’

ठकू, मी त्याला दिलेला सल्ला चुकीचा नव्हता. तो सल्ला आजही मी देईन. पण दहा दिवस हा माणूस करणार काय, कुठे बसणार, कोणाशी बोलणार, हे मी एका शब्दाने विचारलं नाही. काठावर येऊन बसा, नवीन लोकांचे हात तपासा, एवढं जरी म्हटलं असतं तरी तो आला असता. मी त्याला विश्रांती दिली ती हाकलून दिल्यासारखी. त्याच्या बायकोने मला बोल लावला नाही. उलट म्हणाली, तुम्ही बरोबरच सांगितलंत, यांनीच ऐकलं नाही.

पुढे आमच्या तलावाच्या समितीने माझी चौकशी केली. टेबलामागे तिघे जण, समोर ती साठ-साठची वही. मला विचारलं, तुम्ही विश्रांती सांगितली होती का? हो. सगळ्यांसमोर? हो. झालं, माझा काहीच दोष नाही असं ठरलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण उठता उठता त्यांच्यातले अध्यक्ष म्हणाले, तुमच्यासारखे प्रशिक्षक सगळीकडे हवेत. पुढच्या महिन्यात प्रौढांच्या पोहण्यात विश्रांतीचं महत्त्व या विषयावर इतर प्रशिक्षकांसमोर बोलाल का? चार माणसांत नाही म्हणता आलं नाही. घरी येऊन भाषण लिहायला बसले. थकव्याची लक्षणं लिहिली, झोपेचं लिहिलं. मग लिहिलं, ‘वैद्यकीय सल्ला प्रशिक्षकाने खेळाडूपर्यंत प्रामाणिकपणे पोचवला पाहिजे.’ ते वाक्य लिहून झाल्यावर पुढे पेन चालेना. दुसऱ्या दिवशी मी भाषणाला नकार कळवला.

तू पंधरा वर्षांची होतीस. शाळेआधी दोन तास पाण्यात, शाळेनंतर दोन तास. संघाच्या निवड चाचणीला तेवीस दिवस राहिले होते, आणि तुझा उजवा खांदा हात वर नेताना कट्कन वाजायचा. मी तुला त्या चष्मेवाल्या डॉक्टरांकडे नेलं, तो शुक्रवार होता. तपासून झाल्यावर त्यांनी तुला आतल्या खोलीत पट्टी बांधायला पाठवलं आणि मला समोर बसवून सांगितलं, सहा आठवडे पूर्ण विश्रांती. आत्ता थांबलात तर खांदा वाचेल. कागदावरही तसंच लिहून दिलं. तू बाहेर आलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, थोडी सूज आहे, दोन दिवस जपायचं. सोमवारी मी तुला पाण्यात उतरवलं. तो कागद मी शुक्रवारीच घरी येऊन फाडला होता.

त्या शुक्रवारनंतर नऊ दिवसांनी, रविवारी, मैत्रिणींबरोबर तू वरच्या फळीवरून उड्या मारल्यास. सात-आठ मारल्या असशील. हात अंगाशी धरून, पायांवर. मी कार्यालयाच्या खिडकीतून बघत होते, तुला इतकं हसताना मी बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. बुधवारी सरावाच्या मध्यावर तुझा हात वर यायचा थांबला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं? तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, रविवारी उंचावरून उड्या मारल्या हिने. तू खाली बघून ‘हो’ म्हणालीस. ऑपरेशननंतर त्याच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की उड्यांचा यात काही संबंध नाही, हा कित्येक महिन्यांचा ताण आहे. तेही मी गिळलं. पाहुणे, शेजारी, तुझे बाबा, सगळे एकोणीस वर्षं म्हणत आले, पोरीने मस्तीत हात घालवला. मी कोणालाच टोकलं नाही. आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालीस, आई, मी सगळं घालवलं. मी तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, जाऊ दे, झालं ते झालं. मी तुला माफ केलं, ठकू. मी तुला.

तुझी जलतरणाची कारकीर्द संपल्यावर मी मुलांची बॅच सोडली आणि मोठ्यांची घेतली. तेव्हापासून विश्रांतीबद्दल मी इतकी कडक, की लोक चेष्टा करतात. कोणी विचारलं तर मी सांगायचे, अनुभवातून शिकले. कोणाच्या अनुभवातून, ते कधी सांगितलं नाही.

हे सगळं मी कदाचित माझ्याबरोबरच नेलं असतं. टर्नर गेल्यावरही मी तुला लिहायला बसले नव्हते. पण गेल्या रविवारी तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा फोन तुझ्या लेकीने घेतला. पोहायचा वर्ग सुरू झाला म्हणाली. सगळी मुलं उड्या मारतात, मी नाही मारत, मी शिडीवरून उतरते. का गं, म्हटलं, तर म्हणाली, ‘उडी मारून आईचा हात गेला ना? आई म्हणते, पाण्यात मस्ती केली की असंच होतं.’ आठ वर्षांची पोर, आणि माझं खोटं तिच्यापर्यंत पोचलं. मी दारावर कोणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही, आणि उत्तराची वाटही मी बघणार नाही. पण तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तुझा खांदा मी घालवला. पुढच्या वर्गाला तू तिच्याबरोबर जा, काठाशी उभी राहा, आणि तिला उडी मारू दे.

तुझीच, इतकी वर्षं गप्प राहिलेली,
आई