वरच्या सप्तकातली पाचर

१२ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पियानो लावायचा पाना लांब दांड्याचा घ्यावा की आखूड, हे दुकानदाराला विचारू नकोस. जो शिल्लक असेल तोच तो गळ्यात मारेल. लांब दांड्याला जोर कमी लागतो, तुझ्या मनगटाला तोच बरा. पण दांड्याआधी पान्याचं तोंड पाहा. ते तारेच्या खुंटीवर घट्ट बसलं पाहिजे. ढिलं असलं की खुंटीचे कोपरे झिजतात आणि निस्तरायला नंतर येणारा बसतो.

काल शाळेतला पियानो लावून आलो. अंग नुसतं आंबून गेलंय. मामी म्हणते आता पुरे करा. ते मी या कानाने ऐकतो, त्या कानाने सोडतो. घरी येऊन पाहिलं तर पिशवीत एक रबरी पाचर कमी, शेजारची तार गप्प करायला लावतो ती. पडली असेल कुठेतरी.

तू शाळेवरून जातेस, तर गाण्याच्या बाईंना पियानो कसा लागलाय ते विचार आणि मला खरं खरं कळव. वरच्या सप्तकाची शंका वाटते. तिथे बिनसलं असेल तर पिशवी माळ्यावर टाकेन.

लोभ आहेच, तो काही पत्राने वाढायचा नाही.

तुझा मामा

१९ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पाना आणला, लांब दांड्याचाच. दुकानदार आखूडच पुढे करत होता. तुमचं नाव घेतल्यावर आतून लांब काढून दिला. तोंड अगदी घट्ट बसतं. मनगट मात्र कुरकुरतंय, घरी आल्यावर चहाचा कप उचलवत नाही.

शाळेत जाऊन आले. बाई म्हणाल्या, पियानो वरपासून खालपर्यंत छान लागलाय. तेव्हा माळ्यावर काही टाकू नका. पाचर त्यांना बाकाखाली सापडली, ती सोबत पाठवतेय. मामीला सांगा, तुम्ही घरी बसलात तर तिचंच डोकं खाल.

लोभ असावा, आणि तब्येतीवरही थोडा असावा.

आपली ठकी

२४ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाचर मिळाली. तिच्या दोन्ही अंगांना तारांच्या खोल, ताज्या खाचा आहेत, दिवसचे दिवस दाबून राहिल्यावर पडतात तशा. बाकाखाली पडलेल्या रबराला अशा खाचा पडत नाहीत. ती तारांमध्येच अडकून होती. म्हणजे वरचा एक सूर मी अर्धा दाबूनच घरी आलो आणि मला ते कळलंही नाही. त्याला बाई छान कशा म्हणतील? तूच झाकण उघडलंस, पाचर काढलीस आणि माझं वरचं सप्तक पुन्हा लावलंस. नवा पाना पहिल्यांदा तिथेच चालवलास ना, म्हणूनच मनगट कुरकुरलं?

आधी राग आला. मग नुसता दमून बसून राहिलो. वरच्या टोकाला हल्ली मला तार ऐकूच येत नाही, लाकडाची टकटक तेवढी येते. हाताच्या अंदाजाने लावत होतो. मामीला अजून सांगितलेलं नाही.

पिशवी घेऊन माळ्याच्या शिडीपर्यंत गेलो होतो. पण खालचे सूर मला अजून स्वच्छ ऐकू येतात, ते मी कुणाला देणार नाही. पुढच्या वेळी दोघं जाऊ. खालून मी लावत येईन, वर तू बस. आणि मध्ये कुठे तुझं माझं जुळेना झालं, तर छान म्हणू नकोस, तोंडावर सांग. एवढा लोभ कर.

तुझा मामा