अर्ध्या मैदानाचा करंडक

४ फेब्रु.
माझी लेक निकू जिंकली! बत्तीस-तीस. फुलंब्रीच्या पोरींनी शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. जिल्ह्याचा बास्केटबॉल करंडक आता आमच्या फ्रिजवर, धूळ बसू नये म्हणून वर माझाच टॉवेल.
सामना अर्ध्या मैदानावर. उरलेल्या अर्ध्यात साहेबांच्या वाढदिवसाचा मांडव. काल निघणार होता, निघाला नाही. पलीकडच्या बास्केटखाली जिलेबीची कढई. म्हणून दोन्ही संघांनी एकाच बास्केटमध्ये टाकायचं, चेंडू हिसकावला की आधी तीन गुणांच्या रेषेबाहेर न्यायचा. कोच रफीक सर पोरींना म्हणाले, "बास्केट एकच है, तो दोनो कू एकच है. चलो!"
साहेबांचा फ्लेक्स मात्र अख्खा.

६ फेब्रु.
दूध आणताना शेजारचे जोशीकाका. "अभिनंदन हं! अर्ध्या मैदानाचं का होईना."
का होईना! स्वतःचा जिना रस्त्यात काढलाय. त्या घराला कुणी 'सव्वा बंगला' म्हणतं का?
निकूला कॉलेजात 'हाफ चॅम्पियन' म्हणतात. हसत हसत सांगितलं. जेवली नाही.

९ फेब्रु.
मैदानाच्या फाटकाशी विजेत्यांचा फळा आहे. दरवर्षी पेंटर संघाचं नि कॅप्टनचं नाव रंगवतो. मंडळाचे सचिव देसाई म्हणाले, यंदा निकूच्या नावापुढं कंस येईल: (अर्धे मैदान).
"मांडव पोरींनी ठेवला होता का?"
"तसं नाही मॅडम. आपली एक नोंद."
"मग साहेबांच्या फ्लेक्सवरही नोंद करा. वय अमुक, (अर्धे मैदान खाऊन)."
हसले. मग सावकाश, "कंसाची पद्धत तुमच्यामुळंच पडली की. फळा बघितला नाही?"
संध्याकाळी बघितला. यंदाच्या जागेच्या दोन ओळी वर, दोन वर्षांपूर्वीचं: फुलंब्री, कॅप्टन शबाना, (प्रतिस्पर्धी आजारी).

१० फेब्रु.
आठवलं. तेव्हा लग्नातल्या मठ्ठ्यानं आपल्या शहराचा संघ आडवा केला, शेवटी चारच पोरी मैदानात. फुलंब्री जिंकली. मी पेपरातल्या माझ्या सदरात 'जुलाबी करंडक' लिहिलं. लई गाजलं, नि फळ्यावर कंस आला. लोक अजून भेटले की तेच बोलतात. मीही लाजल्यासारखं करते.
पण ते वेगळं! तिथं समोर पुरा संघच नव्हता. इथं दोघींना तोच अर्धा तुकडा. साफ वेगळं.
निकूला पटवायला गेले. म्हणाली, "तेव्हा फुलंब्रीच्या पाचजणी तर पूर्ण खेळल्या ना, आई?"
भाजी करपली.

१२ फेब्रु.
शबाना आली, एस.टी.नं. निकूनं बोलावलं होतं, मला न विचारता. यंदाही तीच कॅप्टन होती.
"काकू, आम्ही हरलो ते पुऱ्या हरलो. अर्ध्या नाय. तुमच्या पोरीला कंस घातला तर आमची हार बी अर्धीच व्हती ना? लई घाम गाळून हरलोय आम्ही."
निकूचा कंस नको म्हणून मी लिहिलेल्या अर्जावर तिनं सही केली. स्वतःच्या कंसाबद्दल अक्षर नाही. मीच विषय काढला.
"ते व्हय? अब्बांनी तुमच्या त्या लेखाचं कात्रण फ्रेम करून लावलंय. त्यांना मराठी वाचता येत नाय. पेपरात लेकीचं नाव आलं म्हंजे कौतुकच असणार." चहा संपवला. "आम्ही बी कुणी वाचून दाखवलं नाय."
गेल्यावर निकू एवढंच म्हणाली, "आधी तिचा कंस. मग माझा."

१५ फेब्रु.
नवा अर्ज, दोन्ही कंस काढा म्हणून. देसाई: "निकिताचा काढू, घरचीच पोरगी. जुनं कशाला उकरता? छापून आलेलं आहे ते, तुमच्याच नावानं."
"चुकीचं छापून आलं."
"मग तसं छापून आणा. मग बघू."
म्हणजे सदरात. त्याच जागी, त्याच नावाखाली. आणि फुलंब्रीत ते शबानाच्या अब्बांना कुणीतरी वाचून दाखवणारच. मग भिंतीवरच्या जुन्या कात्रणाचं काय...
बाहेर आले तर पेंटर शिडीवर. निकूचं नाव सुरेख काढलेलं. अर्ज-बिर्ज त्याला कुणी सांगितलेलाच नाही.
"मॅडम, ब्रॅकेट खोल दिया. अंदर क्या लिखूं?"
निकू शिडी धरून उभी. तिची नजर दोन ओळी वर.
"थांबा जरा," म्हटलं.
"रंग सूख रहा है, मॅडम."