चोविसाला एक

३ मार्च, सोमवार

पोहोचलो एकदाचा! बसने हाडं खिळखिळी केली, पण उतरल्याबरोबर समोर नदी दिसली आणि सगळा शीण पळाला. बाई स्वतः दारात उभ्या होत्या. साठीच्या असतील, अंगाने काडी, जाड भिंगांचा चष्मा. मला वाटलं होतं कुणी बडं प्रस्थ असेल, पण या तर लोकांचे कपडे शिवतात. खालची लांबट खोली मला दिलीय. तीन खिडक्या, भरपूर उजेड, मधोमध दहा फुटी टेबल. छोटं लेथ, कानशींचा अख्खा संच, तांब्याचे पत्रे, सगळं आधीच आणून ठेवलेलं. असं सासर मिळालं तर माहेरची आठवण कुणाला येईल!

काम असं: एका जुन्या वाफबोटीची चालती प्रतिकृती. दोन्ही बाजूंना फळ्यांची चाकं असलेली बोट. प्रमाण चोविसाला एक, म्हणजे तिथले चोवीस इंच ते माझ्याकडे एक इंच. एकशेवीस फुटी बोट पाच फुटांत बसवायची. बॉयलरमध्ये खरं पाणी, खाली स्पिरिटचा दिवा, आणि चाकं फिरणार ती खऱ्या वाफेवर. निवृत्तीनंतर मी पंप केले, इंजिनं केली, पण बोट ही पहिलीच. बाईंनी माझं एक इंजिन प्रदर्शनात पाहिलं आणि पत्र धाडलं. त्यांची अट एकच. सगळं बोटीच्या सरकारी कागदांत आहे तसंच हवं, एक खिळाही इकडचा तिकडे नको.

६ मार्च, गुरुवार

बोटीचा सांगाडा उभा राहिला. हात अजून शाबूत आहेत म्हणायचे.

बोट कुठली ते मी पत्रावरूनच ओळखलं होतं. रोजनिशीत काय लपवायचं? तेरा वर्षांपूर्वी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर हिचा बॉयलर फुटला. एकतीस माणसं गेली. त्या वर्षी बॉयलर तपासणीचा निरीक्षक मी होतो. तपासणीला आलो मात्र नव्हतो. पाठ धरली होती, त्यात इथवरचा हा रस्ता. बोट चांगल्या कंपनीची, आदल्या वर्षीचा शेरा उत्तम. दाखला टेबलावर आला, मी सही ठोकली. ‘प्रत्यक्ष बोटीवर जाऊन बॉयलरची शिवण हाताने चाचपून पाहिली’ हे वाक्य छापीलच असतं. खात्यात सगळेच असं करायचे. पुढे चौकशीत निघालं, की इंजिन ड्रायव्हरनेच जास्त वेगाच्या हव्यासाने जादा वाफ सोडणारी सुरक्षा झडप दाबून धरली होती. तो जागच्या जागी गेला, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्नच उरला नाही. मी सुटलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पेढे वाटायचा बाकी होतो.

मग आलो कशाला? एक तर अशी बोट करायला पुन्हा कोण बोलावणार? आणि इथे मला ओळखतो कोण? या गावात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलंय. सही तर अशी, की माझी मलाच लागत नाही.

आज धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने सांगितलं, बाई म्हणजे त्या ड्रायव्हरची बायको. मुलीला शाळेत ‘बोट उडवणाऱ्याची पोर’ म्हणून चिडवायचे. शेवटी मुलगी गाव सोडून गेली ती परत फिरकलीच नाही. पण आता काय करणार?

११ मार्च, मंगळवार

बॉयलर झाला. शिवणीला, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याला, असा डाग दिलाय, की केस शिरणार नाही. पाणी भरून दाब देऊन पाहिला, एक थेंब गळला नाही.

आता माणसं. कागदांत बोटीवरच्या प्रत्येकाची जागा लिहिलीय. लाकडात कोरतो, बाई त्यांना कपडे शिवतात, नखाएवढ्या बाह्या, त्यांना काजंसुद्धा. ड्रायव्हर कोरताना मी चोरासारखा झालो होतो. चौकशीत आहे तसा कोरला, हात झडपेवर दाबलेला. बाईंनी पाहिला आणि त्याच्या कपड्यांचं माप घेतलं.

आज सकाळी पाहतो तर त्याचा हात झडपेच्या खालून. दाबणारा नव्हे, उचलणारा. लाकूड नवीन कापल्याची खूण नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचं कौशल्य, मी कशाला हात लावू? आणि मग सहज म्हणाल्या, की एक माणूस राहिलाय. दाखल्यात लिहिलंय, निरीक्षक बोटीवर आले होते. ते कुठे दिसत नाहीत.

मी म्हटलं, करू.

१४ मार्च, शुक्रवार

निरीक्षक काही जमेना. तीन वेळा कोरला, तीनदा चेहऱ्यालाच तडा गेला. माझ्या हातून असं कधी होत नाही.

शर्टाच्या बाह्या बोटांवर येताहेत. आधी वाटलं, धुऊन सैल झाल्या. मग टेबलही उंच वाटायला लागलं. मापाचा माणूस मी, दाराच्या चौकटीला पाठ लावून माप घेतलं. पाच फूट दोन इंच. मी साडेपाच फुटांचा आहे.

उशाशी एक नवा सदरा ठेवलेला. अंगात चढेना, इतका लहान. बाईंचा अंदाज चुकला असेल.

१६ मार्च, रविवार

तो सदरा आज बेतशीर बसला.

१८ मार्च, मंगळवार

चार फूट. बाईंसमोर जाऊन उभा राहिलो, त्यांच्या खांद्याच्याही खाली. त्यांनी मशीनवरचा पाय काढला नाही. म्हणाल्या, बसा साहेब. साहेब! पंधरा दिवस मिस्त्री म्हणत होत्या.

त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. तेरा वर्षं खात्यात खेटे घालून ती सही कुणाची ते शोधून काढलं होतं त्यांनी. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मला एक ओळ हवीय, तुमच्या हातची. मी तपासणीला आलो नव्हतो, एवढी एकच. लिहा आणि आलात तसे, आलात तेवढे परत जा.

मी उठून आलो. माझा मुलगा आज त्याच खात्यात आहे, माझ्याच खुर्चीत. माझ्या नावाने प्रशिक्षण वर्गात उदाहरणं देतात. ते सगळं एका ओळीत मातीत घालू?

१९ मार्च, बुधवार

पळून बस थांब्यावर गेलो. बाकावर बसलो तर पाय लोंबायला लागले. बसची पहिली पायरी मांडीपर्यंत. कंडक्टर मला काखेत धरून उचलायला लागला, आणि मागे कुणीतरी हसलं. मी त्याचे हात झटकून परत आलो. असा घरी कसा जाऊ? मुलाला, सुनेला काय तोंड दाखवू?

मग लिहून दिलं. ‘सदर तपासणीत काही त्रुटी राहिल्या असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.’ खात्यात याहून जास्त कुणी कबूल करत नसतं.

बाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. घडी घातली, माझ्या खिशात ठेवली, आणि टेप घेऊन माझं नवं माप घेतलं.

२१ मार्च, शुक्रवार

दोन फुटांच्या आत. दाराची कडी आता आढ्याला असावी तशी. खुर्चीवर चढून खिडकीतून हाका मारल्या. तिकीटवाला समोरून जात होता. त्याने वळून पाहिलं, बाईंच्या बाहुल्यांपैकी एक वाटली असणार. पुढे गेला.

पेन पेलवत नाही. पेन्सिलीच्या शिशाचा तुकडा तोडून घेतलाय.

राग येतो. एका बाईने मला — मला! — चौतीस वर्षांची नोकरी, एक शेरा नाही —

२३ मार्च

लिहिलं. सगळं लिहिलं. आलो नव्हतो, बोट पाहिली नव्हती, टेबलावर सही केली, झडपेचा दोष माझ्या सोयीचा होता म्हणून गप्प बसलो. ड्रायव्हर निर्दोष. खाली नाव. रोजनिशीचं अख्खं पान लागायला हवं होतं, पण माझं अक्षर आता — एका कोपऱ्यात मावलं.

बाईंनी भिंग धरून वाचलं. ओठ हलत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कागदावर पडू नये म्हणून त्यांनी मान वळवली. पान फाडून नीट ठेवलं. उद्या मुलीला पाठवणार, म्हणाल्या.

मी विचारलं, मला आता पहिल्यासारखं कधी करणार? आवाज त्यांना ऐकू गेला नसावा. हातवारे केले.

त्या म्हणाल्या, ती मुदत मंगळवारपुरती होती, तुम्ही उठून गेलात. साहेब, तुमचा दाखला खरा करायचा राहिलाय.

तारीख — २४ असावी

पावणेतीन इंच. मोजायला नको, ठाऊक आहे.

निरीक्षकाचा कोट घातलाय मला. बटणं घट्ट. दोन बोटांत धरून बोटीवर ठेवलं. वहीचा फाटका कोपरा मुठीत होता, शिसंही, काढून घेतलं नाही. बोट अंगणातल्या टाकीत आहे. काठ दिसत नाही. लख्ख ऊन.

भोवती माझी माणसं. लाकडाची. एकतीस. सगळी माझ्याकडे पाहताहेत — मी त्यांना असं कोरलं नव्हतं.

बाईंनी काडी ओढली. दिवा लावला.

दाबाचा काटा हलला —

वरून त्यांचा आवाज, केवढा मोठा. शिवण चाचपा साहेब, हाताने, छापलंय तसं.

चाचपली. डावीकडून. गरम, गुळगुळीत, माझाच डाग. मग खाली, पायाशी — बोट अडकलं. चीर. वीतभर. मी केलेली नाही. पाणी भरून पाहिला होता — नव्हती. ही तिची आहे. त्या बोटीची. तेव्हाचीच.

पहिल्याच हातात लागली. आलो असतो तर पहिल्याच —

ओरडलो, विझवा, चीर आहे, बोट थांबवा. बाई खाली वाकल्या. चष्म्यात मी दोनदा दिसलो. म्हणाल्या, तसा शेरा लिहा.

लिहितोय

काटा लाल रेघेपाशी

चीर ओली — वाफ — चाकं फिरायला लागली

बॉयलर नापास, बोट सोडू नये, मी स्वतः हाताने पाहि