एल्डरवूडची जागा

बिशान, सिंगापूर
ता. ८ जून

ती. सारंगदादा,

साष्टांग नमस्कार, असं सवयीने लिहिलंय. त्यापलीकडे अर्थ काढू नकोस.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मेहुण्याचं, श्रीनिवासचं ऑफिस आता पाया लेबारला गेलंय. आईचे गुडघे दुखतात, तरी खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाऊच्या टपऱ्यांवरच्या, इडलीला नावं ठेवत ठेवत ती रोज खाते. इराबद्दल शेवटी लिहिते.

तू इंग्लंडला शिकायला गेलास, तेव्हा फोनवर एल्डरवूडच्या निवडणुकांचा इतिहास सांगायचास. गिरण्या होत्या तोवर ती मजुरांच्या पक्षाची हक्काची जागा. गिरण्या बंद पडल्या आणि दुसऱ्यांनी ती बळकावली. मग एकदा अगदी थोडक्या मतांनी पुन्हा फिरली, ती तुझ्यासारख्या नुकत्याच आलेल्या नर्स, बसड्रायव्हर, विद्यार्थ्यांमुळे. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर पहिल्याच वर्षी मत देता आलं म्हणून तू पेढे वाटले होतेस. आम्हाला इथे इतकी वर्षं राहून मत नाही. मला तुझा हेवा वाटला होता.

आता त्याच जागेवर तू उमेदवार. आणि तुझं इंग्रजी पत्रक म्हणतं, काल आलेल्यांचा मताचा हक्क काढून घेऊ. मराठी-गुजराती घरांत टाकायच्या पत्रकात मात्र यातलं अक्षर नाही, नुसता तुझा हात जोडलेला फोटो. गरज सरो, वैद्य मरो. मला किळस आली, दादा. दुसरा शब्द सापडत नाही.

वर आईकडे दही-साखर देतानाचा व्हिडिओ मागतोस, 'आपल्या लोकांना' दाखवायला. तिने हौसेने वाटी भरली होती. आधी पत्रक वाचून दाखव म्हणाली. मी मराठीत सांगितलं. ऐकून एवढंच बोलली, "त्याला मी नकोय, माझा हात हवाय." आणि दही फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

आता इरा. भाची मामाकडे राहून शिकतेय म्हणून मी निर्धास्त होते. तीच इंग्रजी पत्रकं तू तिला दारोदार वाटायला दिलीस. बसस्टॉपवर तिने एक वाचलं आणि मला फोन केला. "आई, मामा इज टॉकिंग अबाउट मी, लाह," तिच्या त्या सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि रडायला लागली. तिचंही नाव तिथल्या मतदारयादीत आहे, तुझ्यासारखंच, भारतीय पासपोर्टवर.

ती तुझ्या घरी परत येणार नाही. मैत्रिणीकडे आहे, शोधू नकोस. मतदानाला मात्र जाणार आहे. तुझ्याविरुद्ध मत दे, हे तिला मी सांगितलंय.

पडलास तर फोन कर, आईशी बोलणं करून देईन. निवडून आलास तर करू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
अनघा