एल्डनने सोडलेला हक्क आणि मी न सोडलेला एल्डन

मी, कोरिन थिबो, वय छप्पन, धंदा मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक काढणे व वर्तमानपत्रातून लोकांना टोचणे, राहणार ईस्ट हार्लो, व्हर्माँट, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाला न जुमानता हे लिहिते. धाकटी बहीण लुसील शेजारच्या खोलीत मुद्दाम खाकरते आहे, पण त्याला कायदा दडपण म्हणत नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

१. लग्नाच्या नवव्या वर्षी पती एल्डन प्रॅट याने गोठलेल्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांसाठी चाकांवरची वाफस्नानाची खोली भाड्याने द्यायचं काढलं. धंदा बुडाला तर बँक माझ्या मेपलच्या रानात घुसेल, म्हणून लुसीलच्या आग्रहाने आम्ही नवरा-बायकोने करार केला: ज्याचं त्याचं वेगळं, आणि एकाच्या मागे दुसऱ्याने त्याच्या मालमत्तेवर हक्क सांगायचा नाही. वकीलही दोघांचे वेगळे. काही लपवलंत तर करार टिकणार नाही, असं त्याच्या वकीलबाईंनी बजावताच एल्डनला घाम फुटला.

"सांगूनच टाकतो. कोरिन, मला मेपल आवडत नाही. गॅरेजात दुकानातल्या मक्याच्या पाकाची बाटली आहे. पॅनकेकवर तोच घेतो."

"इतकी वर्षं?"

"तू पाठ फिरवलीस की."

"अहो, फक्त मालमत्ता सांगायची होती!" वकीलबाई म्हणाल्या.

हसता हसता माझी सही कागदाबाहेर गेली. परतताना ट्रकमध्ये आम्ही शाळकरी पोरांसारखे वागलो. तपशील नोंदवत नाही.

२. बँकेतली शिल्लक लुसीलला. माझ्या लेखांची कात्रणंही तिलाच. निम्मे तिच्यावरच आहेत.

३. घर, रान आणि पाक उकळायची खोपी एल्डनला. लुसील म्हणते, "अगं ताई, त्याने हक्क सोडल्याचं लिहून दिलंय! तू गेलीस की तो बाहेर!" त्याने मागणार नाही असं लिहून दिलंय, बाई. मी देणार नाही असं कुठे लिहिलंय? दोन्ही वकिलांना विचारून घेतलं आहे: हक्क सोडणारा भेट घेऊ शकतो. त्याला बाहेर काढायला येणाऱ्याने आधी हे कलम दारात उभं राहून मोठ्याने वाचावं. शिवाय पाक न आवडणाऱ्याइतका भरवशाचा राखणदार मिळायचा कुठे?

४. एल्डनने पुन्हा लग्न केलं तर माझी हरकत नाही. मात्र करार लग्नाआधी उरकावा. नंतर केला की माणूस नव्याने आवडायला लागतो, आणि त्या बाईला ते सुख द्यायची माझी तयारी नाही.

सही: कोरिन थिबो (या वेळी कागदावरच)

आमच्यासमोर सही झाली. बाई शुद्धीवर होत्या, हसत होत्या. आम्हाला यातून काही मिळत नाही.
साक्षीदार: ऑरिन बेशॉ, मर्टल गॅनन
ईस्ट हार्लो, ४ मार्च २०२४